मॅच केलेल्या ईएल34 च्या नावाखाली माझे 21,050 रुपये गेले

चार डबे, चार चिठ्ठ्या. डब्यांत ईएल34, म्हणजे ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरमधले काचेचे व्हॉल्व्ह. चिठ्ठ्यांवर प्रत्येकाचा करंट मिलिअँपियरमध्ये, निळ्या पेनाने लिहिलेला: 38.0, 38.0, 38.0, 38.0. तिथेच मी उठून यायला हवं होतं. दशांशापर्यंत एकसारखे चार व्हॉल्व्ह कोणाला मिळतात? शिवाय मोजताना व्हॉल्व्हच्या आतल्या प्लेटला किती व्होल्ट होते, करंट आवरणाऱ्या ग्रिडला किती, याचा चिठ्ठीवर पत्ता नाही. ते नसतील तर मिलिअँपियरच्या आकड्याला अर्थ नसतो, हे मला माहीत होतं. वीस वर्षं व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर हाताळतोय मी. तरी 18,400 रुपये यूपीआयने पाठवून मोकळा झालो.

माझ्या अ‍ॅम्पला चारही ईएल34 मिळून बायसचा, म्हणजे करंट ठरवणाऱ्या ग्रिडच्या व्होल्टेजचा, एकच प्रीसेट आहे. मॅच केलेला, म्हणजे चारही सारखा करंट घेणारा, संच नसला तर काही जुळतच नाही, आणि तीन महिने शोधूनही मला तो मिळत नव्हता. मग एक जाहिरात दिसली. विकणारा नागपूरचाच. बर्डीवर चहाच्या टपरीवर भेटला, बोलायला नीट. "भाऊ, डोळे झाकून लावा. अमरावतीची पार्टी संध्याकाळी येऊन राहिली, मग मला बोलू नका." ही अमरावतीची पार्टी कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होतं. पिनांवर सॉकेटचे ओरखडे दिसले, तर म्हणे टेस्टिंगला लावले होते. मी मान डोलावली.

घरी कॅथोडच्या, म्हणजे व्हॉल्व्हचा सगळा करंट जिथून जातो तिथल्या, 1 ओहमच्या रेझिस्टरवर मीटर लावलं. त्यात 1 मिलिव्होल्ट म्हणजे 1 मिलिअँपियर. आकडे आले 23, 36, 41 आणि 68. माझ्याकडे प्लेटला 430 व्होल्ट. 68 मिलिअँपियरने गुणा, 29 वॅट होतात. त्या करंटमधला स्क्रीनचा (आतल्या दुसऱ्या ग्रिडचा) वाटा वजा केला तरी ईएल34 च्या प्लेटची 25 वॅटची मर्यादा ओलांडली जाते. दहा मिनिटांत त्या व्हॉल्व्हची प्लेट लालभडक झाली आणि स्पीकरमधून घुमघुम सुरू.

फोन केला तर म्हणतो, "तुमचा अ‍ॅम्पच खराब असंल." आणि मला ते पटलं, याचाच राग सगळ्यात जास्त येतो. पटण्यासारखं होतंही: आधीच्या टप्प्याचं डीसी व्होल्टेज अडवणारा कपलिंग कपॅसिटर गळायला लागला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं आणि हेच होतं. म्हणून मेकॅनिककडे 2,650 रुपये देऊन कपॅसिटर बदलले. फरक शून्य. मग 68 वाला व्हॉल्व्ह दुसऱ्या सॉकेटात टाकला, आणि 68 त्याच्यामागोमाग गेला. आकडा व्हॉल्व्हबरोबर फिरला तर दोष व्हॉल्व्हचा, सॉकेटापाशीच राहिला तर अ‍ॅम्पचा. हे फुकटचं काम मी आधी केलं नाही. तुम्ही करा, पण अ‍ॅम्प बंद करून, व्हॉल्व्ह थंड झाल्यावर. आणि बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट उरतात. ते उतरल्याचं मीटरवर बघितल्याशिवाय आत हात घालू नका.

तोवर त्याचा नंबर बंद. ठाण्यात गेलो. अर्धा तास बाकावर बसवून विचारलं, "काचेचे बल्ब? अठरा हजाराचे?" मी मोबाइलवर आकडे दाखवले, कोणी बघितले नाहीत. वस्तू तर मिळाली ना, मग हे दिवाणी प्रकरण, असं म्हणून ग्राहक तक्रारीकडे पाठवलं. तिथे बिल मागितलं. बिल कुठलं? बँकेत सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्ताला. भर मे महिन्यात, दुपारच्या उन्हात, चार फेऱ्या. अर्जाची पोच मागितली तर उद्या या. चोर एकदा लुबाडून गेला. या लोकांनी मात्र दरवेळी मलाच खोटं पाडलं.

पैसे गेल्याचं कळताच त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मी नऊ दिवस घालवले. बिलाशिवाय व्हॉल्व्ह घेऊ नका. विकणारा नागपूरचा असेल तर त्याला घरी बोलवा, स्वतःच्या अ‍ॅम्पमध्ये अर्धा तास चालवून चारही आकडे मोजा, मगच पैसे द्या. तो टाळाटाळ करत असेल तर उठा.

काल नव्या नंबरवरून तीच जाहिरात आलीय. फोटोत चार डबे, चार चिठ्ठ्या, निळं पेन, चारही 38.0.