नावाजलेले महाविद्यालय की मनाजोगती शाखा?

एमएचटी-सीईटी या अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी हा पेच पडतो: पुण्याच्या सीओईपी या नावाजलेल्या अभियांत्रिकी संस्थेत मेटलर्जी (धातुशास्त्र) घ्यावी, की एखाद्या नव्या खासगी महाविद्यालयात कॉम्प्युटर? १८५४ पासूनची परंपरा असलेल्या आणि २०२२ मध्ये विद्यापीठ झालेल्या सीओईपीत तोलामोलाचे सहाध्यायी आणि माजी विद्यार्थ्यांचा मोठा गोतावळा लाभतो. मात्र पुढे शाखा बदलून मिळेल, ही आशा मोजक्या रिकाम्या जागांवर टांगलेली असते. शाखेला अग्रक्रम देणारा आवडीचे शिकतो खरा, पण त्याने प्रयोगशाळा आणि अध्यापकवर्ग स्वतः पाहून यावे. जाहिरातीतल्या पॅकेजवर तर मुळीच विसंबू नये.

पर्सेंटाइलवरून, म्हणजे किती टक्के परीक्षार्थी आपल्या मागे आहेत त्यावरून, आवाक्यातले पर्याय कळतात. त्यापुढचे सारे अर्जात लिहिलेल्या महाविद्यालय-शाखांच्या पसंतीक्रमावर ठरते. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, तर जागा आपोआप निश्चित होते आणि पुढच्या फेऱ्यांत बदलाची संधी उरत नाही. त्यामुळे शेजारच्या काकांच्या आग्रहाखातर मेटलर्जी सर्वांत वर लिहिणे महागात पडते. धातूंची थोडीफार गोडी असेल, तर माझा कौल सीओईपीलाच. ती नसेल, तर कॉम्प्युटर आधी लिहावे.