टोपऱ्यासाठी कुठला दोरा? दमट कोकणात तीन धाग्यांची पारख

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी, कुठल्याही बाजारात विणायला दोरा मागा, दुकानदार आधी ॲक्रिलिकचा गुंडाच पुढे करतो. आपल्याकडे सगळ्यालाच लोकर म्हणायची पद्धत, त्यामुळे त्याचं काही चुकत नाही. पण दवाखान्यातल्या नवजात बाळांना टोपरी, केमो घेणाऱ्यांना टोप्या, वृद्धाश्रमाला शाली असं दानाचं विणकाम हाती घेतलेल्या मंडळाने गुंडा उलटून लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. इथे सहज मिळणाऱ्या तीन धाग्यांची पारख केली आहे: बेबी ॲक्रिलिक, सुती निटिंग कॉटन आणि मिल्क कॉटन. निकाल आधीच सांगतो. बाळाच्या टोपऱ्याला सुतीच घ्या, पावसाळ्यातल्या शालीला ॲक्रिलिक, आणि मिल्क कॉटन लेबल पटलं तरच.

कोकणात थंडी कुठे पडते, टोपरी कशाला, असं हमखास विचारलं जातं. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, त्यामुळे अंगातली ऊब डोक्यावाटे बरीच जाते. कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कांगारू पद्धतीने आईच्या उघड्या छातीशी धरतात, तेव्हा त्याच्या अंगावर लंगोट, टोपरं आणि पायमोजे एवढंच असतं. मे महिन्याच्या उकाड्यातही ते टोपरं लागतं. म्हणजे आपल्याला हवं आहे ते पातळ, घाम शोषणारं आणि सारखं धुता येणारं. जाडजूड, गोंड्यांचं, फोटोत छान दिसणारं टोपरं दवाखान्याच्या कपाटात पडून राहतं. आणि एक स्पष्ट सांगायला हवं: दुपटं विणू नका. जुन्या सुती लुगड्याच्या मऊ दुपट्याची बरोबरी कुठलंही विणलेलं दुपटं करत नाही. तेवढ्या दोऱ्यात दहा-बारा टोपरी होतात.

बेबी ॲक्रिलिक. वर्धमान, ओसवाल, गंगा या नावांनी सगळीकडे मिळतं, रंग भरपूर, तिघांत स्वस्त. हाताला मऊ, सुईवर पळतं, नवशिक्या हाताचे टाकेही सारखे दिसतात. पाण्याशी त्याचं फारसं सख्य नाही. सुताच्या अंगी साधारण साडेआठ टक्के ओलावा मुरतो, ॲक्रिलिकच्या दीड टक्क्याच्या आसपास. म्हणून भर जुलैत पडवीत टाकलेली ॲक्रिलिकची शाल रात्रीत वाळते, सुती शाल तीन दिवस कुबट वास मारते. वृद्धाश्रमासाठी हा गुण मोलाचा आहे, तिथे शालीला दुसरा धागा सुचवणार नाही. बाळाच्या डोक्यावर मात्र तोच गुण दोष होतो, कारण घाम आतच राहतो. दुसरी अडचण उष्णतेची. दवाखान्यात कपडे गरम पाण्यात धुतले जातात, काही ठिकाणी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, निर्जंतुकही करतात. तिथल्या १२१ अंशांच्या वाफेत ॲक्रिलिकचा लवचिकपणा कायमचा जातो, टोपरं पसरून लुळं पडतं. घरी इस्त्री फिरवली तरी हेच होतं. शालीला इस्त्री लावू नका, ओली असतानाच सपाट पसरून आकार द्या.

सुती निटिंग कॉटन. यात चार पदरी, शंभर टक्के सुती, ५० ग्रॅमचा गुंडा घ्यावा. अँकरचा निटिंग कॉटन हा त्यातला ओळखीचा. गरम पाणी, साबण, ऊन, इस्त्री सगळं सोसतो, घाम शोषतो, धुता धुता मऊ होत जातो. विणायला मात्र हट्टी आहे. सुताला ताण नसतो, ओढलं की तसंच राहतं, त्यामुळे ॲक्रिलिकच्या हिशोबाने घातलेली बॉर्डर दोन धुण्यांत ढिली पडते आणि टोपरं बाळाच्या डोळ्यांवर घसरतं. यावर उपाय सोपा आहे: बॉर्डर दोन नंबरांनी बारीक सुईवर विणायची आणि एकूण घेर डोक्यापेक्षा साधारण १२ टक्के कमी ठेवायचा.

सुयांच्या नंबरातच अर्धे घोटाळे होतात. आपल्या बाजारात जुने नंबर चालतात: ८ नंबर म्हणजे ४ मिलीमीटर, १० नंबर ३.२५, १२ नंबर २.७५. नंबर वाढला की सुई बारीक होते. नेटवरच्या नमुन्यात ४ लिहिलेलं असतं ते बहुतेकदा मिलीमीटर. मंडळात दोघी नंबर बघतात, तिघी मिलीमीटर, आणि एकाच मापाची टोपरी पाच आकारांत तयार होतात. सुया वाटताना चिठ्ठीवर दोन्ही लिहा.

पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर. १० नंबरच्या सुईवर या दोऱ्याचे १० सेंटिमीटरला २६ टाके बसतात असं धरून हा हिशोब. आधी नमुना विणा, धुवा, वाळवा आणि मग मोजा, कारण सुती दोरा पहिल्या धुण्यात आटतो. १२ नंबरवर ८२ टाके घाला, त्यातले कडेचे दोन शिवणीत जातील. एक सुलट एक उलट अशा १० ओळी. मग १० नंबरची सुई घेऊन सुलट बाजूने सुलट, उलट बाजूने उलट, खालपासून एकूण १० सेंटिमीटर होईपर्यंत. आता घट, म्हणजे टाके कमी करणं: कडेचा टाका सोडून ८ सुलट, २ एकत्र, असं आठ वेळा, उलट बाजूची ओळ साधी. पुढच्या घटीला ७ सुलट, २ एकत्र, मग ६, असं उतरत जा. कडा धरून १८ टाके उरले की मधले सगळे दोन-दोन एकत्र घ्या. उरलेल्या १० टाक्यांतून दोरा दोनदा ओवून ओढा. अपुऱ्या दिवसांच्या, २८ सेंटिमीटरच्या आसपास डोकं असलेल्या बाळासाठी ६६ टाके घाला, सरळ भाग ८ सेंटिमीटरच ठेवा आणि घट ६ सुलट, २ एकत्र इथून सुरू करा. शिवण बाहेरून, सपाट घाला. आत उंचवटा राहिला तर पातळ कातडीवर वळ उठतो.

मोठ्या टोपऱ्याला साधारण ३० ग्रॅम दोरा लागतो. म्हणजे तीन गुंड्यांत पाच टोपरी. पन्नास टोपऱ्यांना ३० गुंडे, नमुन्यांसाठी आणि उसवाउसवीसाठी तीन जास्त धरा. एक टोपरं होऊन उरलेले २० ग्रॅम फेकायचे नाहीत, दुसऱ्या रंगाचे १० जोडून पट्ट्यांचं होतं. जोड ओळीच्या सुरुवातीलाच द्या, मध्ये गाठ नको. सुती दोरा गुळगुळीत असल्याने टोकं निसटतात. १५ सेंटिमीटर टोक ठेवून तीन दिशांना ओवा. क्रोशे येणाऱ्यांनी टोपऱ्याला मुका खांब वापरला तर कापड ताठ होतं आणि दोराही जवळपास तिसऱ्या हिश्श्याने जास्त खातं, म्हणून टोपरी सुयांवाल्यांना द्या. क्रोशेवाल्यांकडे केमोच्या टोप्या द्याव्यात. तिथे खांबाच्या जाळीतून वारा लागतो ते बरंच. मोठ्यांच्या टोपीचा घेर ५० ते ५२ सेंटिमीटर, गोल विणलेली, शिवण नको.

मिल्क कॉटन. नाव गोड, हाताला लोण्यासारखं. पण या नावाखाली दुकानात येतं ते बहुतेक सूत आणि ॲक्रिलिकचं मिश्रण असतं, आणि प्रमाण गुंड्यागणिक बदलतं. लेबल नसेल तर बोटभर दोरा चिमट्यात धरून जाळून बघा, खाली पाण्याची वाटी ठेवून. सूत कागदासारखं जळतं, करडी भुसभुशीत राख राहते. ॲक्रिलिक वितळतं, काळा कडक मणी उरतो आणि वास नाकात झोंबतो. खरी लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो. राख आणि मणी दोन्ही मिळाले की मिश्रण समजा. मिश्रण वाईट नाही. सुतापेक्षा लवकर वाळतं, बॉर्डर जागेवर राहते, पायमोज्यांना तर फार चांगलं. पीळ सैल असल्याने सुईचं टोक दोऱ्यात शिरून पदर सुटतात, तेवढं सांभाळा. दवाखान्यासाठी मात्र आधी तिथल्या सिस्टरना विचारा, कपडे कशात धुता म्हणून. ऑटोक्लेव्ह असेल तर हा धागा बाद.

खरी लोकर या यादीत नाही. ती टोचते, धुण्यात आटते आणि आपल्या हवेत कसर लागायला वेळ लागत नाही. कसरीवरून सर्वांत महत्त्वाचं: बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या कधीही ठेवू नका. त्यातल्या नॅफ्थलीनमुळे जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ वाढते, जिवावर बेतू शकतं. वास गेला म्हणजे नॅफ्थलीन गेलं असं नाही. दान आलेल्या जुन्या दोऱ्याला तो वास असेल तर त्याची टोपरी करू नका, पायपुसणी करा. आपला माल उन्हात खडखडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी डबा उघडा.

रंगही पारखून घ्या. लाल, गडद निळा, काळा हे सुतात कधीकधी रंग सोडतात. ओल्या दोऱ्याचा वेटोळा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून जड वस्तूखाली रात्रभर ठेवा. सकाळी डाग दिसला तर तो गुंडा बाळांसाठी नाही. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून तो पक्का होईल या भरवशावर राहू नका. फिकट रंग घेतलेले बरे, दवाखान्यात डागही चटकन दिसतात.

हातमोजे आणि पायमोजे तपासताना आतली बाजू बाहेर काढून बघा. दोन रंगांच्या नक्षीत आत लांब दोरे सुटलेले असतात. बाळाच्या बोटाभोवती असा एक दोरा आवळला तर रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. नक्षी नकोच. बटणं, मणी, टिकल्या, गोंडे, गळ्याखाली बांधायच्या नाड्या, काहीच नको.

हाच सुती दोरा स्तन काढलेल्या स्त्रियांनी ब्राच्या आत ठेवायच्या हलक्या विणलेल्या उशांना चालतो. अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट यांनी सुरू केलेलं हे काम निटेड नॉकर्स नावाने आता भारतातही चालतं. भरायला मात्र पॉलिस्टरचा फायबर घ्या. आपल्याकडे उशीत घालतात तो सावरीचा कापूस धुतला की गोळा होतो आणि पावसाळ्यात आतून वाळत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देतात ती क्रोशाची आठ पायांची बाहुली डेन्मार्कमधून आलेली कल्पना. तिचे पाय ताणून २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत, डोळे दोऱ्याने भरलेले हवेत, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय एकही विणू नका.

घाऊक खरेदी मुंबईला क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला किंवा पुण्यात तुळशीबागेकडे कुणी जाणार असेल तर त्यांच्याकडून करवून घ्यावी. रंग जास्त मिळतात आणि एकाच लॉटचे गुंडे मिळतात. लेबलवरचा लॉट नंबर जुळवून घ्या. एकाच नंबरच्या गुलाबीच्या दोन लॉटांत फरक पडतो, आणि तो पट्टा धुतल्यावर आणखी उठून दिसतो. स्थानिक दुकानदाराला आधी सांगितलं तर तोही अख्खं पाकीट मागवून देतो आणि न फोडलेले गुंडे परत घेतो, हे बोलणं मात्र आधीच करून ठेवा.

देताना प्रत्येक टोपरं साध्या साबणाने धुवून, दोनदा खळबळून, कंडिशनर आणि अत्तर न घालता, पूर्ण वाळवून द्या. पावसाळ्यात न वाळलेलं सुती टोपरं इस्त्रीने कोरडं होतं. मापाप्रमाणे वेगळ्या पिशव्या करा आणि प्रत्येकीत मराठीत चिठ्ठी घाला: डोक्याचा घेर किती, दोरा शंभर टक्के सुती, गरम पाण्यात धुतलं तर चालेल, आणि घरी गेल्यावर बाळ झोपलेलं असताना किंवा उकाड्यात टोपरं काढून ठेवावं.