नॅकचा सहावा निकष: आराखड्याची परीक्षा चांगली, संस्कृतीची अपुरी

विद्यापीठाचा कारभार बाहेरून तपासून देणारी सेवा म्हणून नॅकच्या (उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) २०१७ च्या सुधारित मूल्यांकन चौकटीकडे पाहिलं, तर त्यातला सहावा निकष सगळ्यात मोलाचा आहे: प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन. विद्यापीठांसाठीच्या १००० गुणांपैकी त्याला फक्त १००, तर संशोधनाच्या निकषाला २५०. हे प्रमाण चुकलंय. खरेदीची फाईल किती टेबलांवर अडते, विभागप्रमुख स्वतःच्या सहीनं किती खर्च करू शकतो, यावर प्रयोगशाळेचं काम अवलंबून असतं.

यातला ६.२.१ हा प्रश्न उत्तम आहे. संस्थेनं आखलेला विकासाचा आराखडा अमलात आला का, हे तो विचारतो. महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावाच लागतो, पण त्याचा मोठा भाग नवी महाविद्यालयं कुठे द्यायची यावर खर्ची पडतो. तोच उचलून या प्रश्नाच्या उत्तराला जोडला की पुरावा लंगडा पडतो. विद्यापीठाचा स्वतःचा विकास आराखडा, अंदाजपत्रकातली तरतूद, व्यवस्थापन परिषदेचा ठराव, कृती अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब, हे एकमेकांशी जुळायला हवं. एसएसआरच्या (नॅकला द्यायच्या स्वयं-मूल्यांकन अहवालाच्या) वर्षी घाईनं तयार केलेली इतिवृत्तं इथेच उघडी पडतात: ठराव आहे, पण त्या वर्षीच्या हिशेबात खर्चच नाही.

ई-गव्हर्नन्सचा प्रश्न मात्र कमकुवत. प्रशासन, वित्त, प्रवेश, परीक्षा या चार क्षेत्रांत प्रणाली आहे का, एवढंच तो पाहतो. मुंबई विद्यापीठानं २०१७ मध्ये सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका एकदमच संगणकावर तपासायला घेतल्या. प्रणाली होती. तपासणाऱ्यांची पुरेशी तयारी नव्हती, एखाद्या शाखेपुरती चाचणी आधी घेतलेली नव्हती. निकाल महिनोन् महिने रखडले, ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. अशी घाई कुणी थांबवू शकेल का, परीक्षा विभागाचा माणूस ‘अजून तयारी नाही’ असं बैठकीत म्हणू शकतो का, हे या निकषाला दिसत नाही. नॅकनं पाठवलेल्या तज्ज्ञांच्या, म्हणजे पिअर टीमच्या, दोन-तीन दिवसांच्या भेटीत, तेही ठरवून दिलेल्या भेटीगाठींमध्ये, ते कळणं अवघडच.

त्याच विद्यापीठाला २०२१ मध्ये चारपैकी ३.६५ गुणांसह ए++ ही सर्वोच्च श्रेणी मिळाली. शिवाजी विद्यापीठाला ३.५२ ला तीच श्रेणी. म्हणून नुसती श्रेणी पाहू नका. पिअर टीमच्या अहवालातल्या उणिवा आणि शिफारशी वाचा, मग पुढच्या वर्षांचे एक्यूएआर (वार्षिक गुणवत्ता अहवाल) उघडून त्यांचं काय झालं ते शोधा.