सुपारीवरचा बेस: घेतलं काय, टिकलं काय

आठवडाभर मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटीला असतो आणि शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. लग्नसराईत महिन्याला सात-आठ सुपाऱ्या, म्हणजे पैसे घेऊन वाजवायचे कार्यक्रम, होतात. गंगापूर रोड, त्र्यंबक रोडवरची लॉन्स, नवरात्रात दांडिया, आणि नशीब जोरावर असलं तर एखादं कालिदास कलामंदिर. यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघून मी दोनदा फसलो. ती मंडळी घरात बसून वाजवतात आणि त्यांच्या घरात अर्थिंग असतं. म्हणून हे सगळं लॉन्सवर वापरून झाल्यावर लिहितोय.

पहिला बेस जॅझ छापाचा होता, चार तारांचा, सेकंडहँड. आवाजाला गोड, नेक (तारा दाबायचा दांडा) सडपातळ, हातात घेतला की सोडवत नसे. हे डिझाइन फेंडरचं, 1960 सालचं, आणि त्यात दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप पकडणारी, एकेरी वेटोळ्याची चुंबकं) असतात. असे पिकअप आजूबाजूच्या विजेची घरघरही पकडतात. दोन्हींचे व्हॉल्यूमचे नॉब पूर्ण उघडे असले की एकाची घरघर दुसरा मारतो. एकाचा आवाज जरा खाली घेतला की घरघर मोकळी! दुकानात हे कळत नाही, घरीही नाही. एका संगीताच्या कार्यक्रमात माझ्या मागे भलीमोठी एलईडी वॉल, बाजूला डिमरचे लाइट, आणि सगळं एकाच जनरेटरवर. साउंडवाला मिक्सरवरून ओरडतोय, "बेसवाले भाऊ, काय चाललंय तिकडे?" मी जरा वळून पाहिलं तर घरघर कमी झाली, अजून वळलो तर जवळजवळ बंद. पिकअप कुठल्या दिशेला तोंड करून आहे त्यावर हे ठरतं. फक्त त्या कोनात माझी पाठ थेट नवरदेवाच्या मामांकडे येत होती. अर्धा कार्यक्रम मी तसाच वाजवला. व्हिडिओत माझा पाठीवरचा शर्टच दिसतो.

त्यानंतर मित्राचा प्रिसिजन छापाचा बेस दोन महिने वापरला. हा मूळचा 1951 चा, पण त्यातला दोन तुकड्यांचा पिकअप 1957 पासूनचा. ते दोन तुकडे एकमेकांची घरघर मारतात, नॉब कुठेही असू दे. एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन, बस. कुणी पहिला बेस घेत असेल आणि ऑर्केस्ट्रात वाजवायचं असेल तर मी डोळे मिटून हाच छाप सांगतो. ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीतही याचा सूर ऐकू येतो.

मग मी स्वतः पाच तारांचा का घेतला? आमच्या गायकामुळे. तो काळी एकमध्ये (C#) गातो. कीबोर्डवाले दादा ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण दाबून मोकळे होतात. बेसला ते बटण नाही. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार म्हणजे पांढरी तीन (E), त्याच्या खाली उतरायला जागाच नाही. काळी एकचा सा वरच्या सप्तकात घ्यावा लागतो आणि गाण्याच्या खालून सतरंजी ओढल्यासारखं होतं. पाचवी तार पांढरी सातची (B). तिच्यावर दुसऱ्या फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या पट्टीला) बोट ठेवलं की तो सा मिळतो, साधारण 35 हर्ट्झचा.

पंचवटी एक्सप्रेसने सकाळी मुंबई गाठली. सीएसएमटीहून चालत धोबी तलाव, फुर्टाडोज. 1865 पासूनचं दुकान आहे, तिथे निवांत बसून चार-पाच बेस हाताळले. माझी एकच कसोटी होती: अँपला न जोडता पाचवी तार छेडायची. स्वर स्वच्छ आला तर पुढे बोलायचं, ओल्या सुतळीसारखी भद्द वाजली तर खाली ठेवायचा. यामाहाचा टीआरबीएक्स 305 यात पास झाला आणि दिवाळीचा बोनस तिथेच संपला.

दोन वर्षं झाली. हंबकर (घरघर मारणारे दुहेरी वेटोळ्याचे) पिकअप आहेत, त्यामुळे एलईडी वॉलसमोरही शांत. पाच आवाजांचा एक स्विच दिलाय, त्यातल्या दोन जागाच मी वापरतो. स्लॅपची (अंगठ्याने तार आपटून वाजवण्यासाठीची) जागा खोलीत भारी वाटते, पण ती मधले स्वर कापते, आणि स्टेजवर बेसची ओळख मधल्या स्वरांतच असते. लॉन्सवर सब (फक्त खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) नसेल तर 35 हर्ट्झ त्या बारा इंची स्पीकरांतून निघतच नाही. लोकांना ऐकू येतो तो त्याच्या वरचा भाग. तेव्हा ट्रेबल-बेसचे नॉब पिळण्याआधी मिड थोडा वाढवून बघा. ॲक्टिव्ह (आत स्वतःचं सर्किट असलेला) असल्यामुळे यात 9 व्होल्टची बॅटरी लागते आणि पिन खोचलेली राहिली तर वाजवा न वाजवा, ती उतरत राहते. एकदा रात्रभर पिन तशीच राहिली आणि दुसऱ्या दिवशी हळदीच्या दुसऱ्या गाण्यात आवाज फुसफुसत गेला. चूक शंभर टक्के माझीच. आता बॅगेत एक बॅटरी असते, पाकिटात बायकोच्या फोटोमागे दुसरी ठेवायचीच तेवढी बाकी आहे.

हिवाळ्यात निफाडचा पारा पेपरात यायला लागला की फ्रेटबोर्डचं लाकूड सुकून आकसतं आणि फ्रेटची टोकं तळव्याला टोचतात. पावसाळ्यात नेक हलतो. मी कारखान्यातल्यासारखा फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचं मापक) वापरतो: पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरायचा, सातव्या-आठव्याजवळ तार आणि फ्रेट यांच्यात पाती सरकवायची. 0.3 मिलिमीटरची पाती जेमतेम अडकत गेली की माझ्या हाताला बरोबर. नसेल तर नेकच्या आतली सळई ॲलन कीने पाव आटा फिरवायची, त्याहून जास्त एका वेळी नाही.

तारांचं सांगतो. मी डॅडारिओचा निकेलचा 45 ते 130 चा सेट लावतो. ऑनलाइन घेताना लांबी वाचा. आपले बहुतेक बेस 34 इंची, म्हणजे लाँग स्केल. मी एकदा घाईत मीडियम मागवला आणि जाड तारेची गुंडाळी नटच्या (नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) अलीकडेच संपली. आणि तार खुंटीत बसवताना आधी पक्कडने काटकोनात वाकवा, मग कापा. सरळ तार कापली तर वरची गुंडाळी सैल होऊन तार मेल्यासारखी वाजू शकते.

पाच तारांचा सेट महाग, म्हणून जुन्या तारा उकळायचा उद्योगही केला. दहा मिनिटं उकळत्या पाण्यात, बाहेर काढून पुसून कोरड्या. पाण्यावर काळपट तवंग येतो. तो वर्षभराचा आपलाच घाम आणि मळ. तारा पुन्हा चमकदार वाजतात, पण आठवड्याभरापुरत्या. मी यासाठी उपासाची भगर शिजवायचं पातेलं घेतलं होतं. तो विषय घरात अजून मिटलेला नाही. फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत गुंडाळीच्या) तारांना ही कटकट नसते, त्या जितक्या जुन्या तितक्या मुरलेल्या. जुनी हिंदी-मराठी गाणीच वाजवत असाल तर त्या लावा आणि विसरा.

पेडलवर, म्हणजे आवाज बदलायच्या पायाजवळच्या डब्यांवर, माझे सगळ्यात जास्त पैसे वाया गेले. कोरस, ऑक्टेव्ह, ओव्हरड्राइव्ह, सगळं घेतलं. ऑक्टेव्ह तर पाचव्या तारेवर गोंधळूनच जातो. आज पायाशी फक्त बॉसचा टीयू-3 ट्यूनर असतो. उजेडात दिसतो, दाबला की आवाज बंद, त्यामुळे निवेदकाच्या शेरोशायरीत तारा लावता येतात. पाचवी तार खुली छेडून काटा नाचत असेल तर बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) घेऊन लावा.

ट्यूनरशिवाय दुसरी वस्तू म्हणजे डीआय बॉक्स, बेसचा सिग्नल मिक्सरला जोडणारा डबा. बेहरिंगरचा साधा डीआय 100, मिक्सरच्या फँटमवर (केबलमधूनच येणाऱ्या विजेवर) चालतो. त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण हे माझ्या मते अख्ख्या बोर्डातलं सगळ्यात मोलाचं इफेक्ट आहे. अँप विजेच्या एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्यावर असला की दोन अर्थिंगच्या फेऱ्यात हमिंग येतं. बटण दाबलं की जातं. काही साउंडवाले त्यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची पिनच तोडतात. तसं कुणाला करू देऊ नका. एका लॉन्सवर कोरस म्हणायला माइकला ओठ लावला आणि मला झिणझिण्या आल्या. हातात तारा होत्या, म्हणजे सर्किट पूर्ण करायला मीच उभा होतो.

ओव्हरड्राइव्ह विकायचं आहे, बॉक्ससकट. ॲडॅप्टर मिळणार नाही. आणि घरातल्या राउटरचा बसतोय म्हणून तो लावू नका: पेडलला 9 व्होल्ट लागतात आणि मधली पिन निगेटिव्ह. राउटरचा बहुधा 12 व्होल्टचा आणि उलटा असतो. कोरस असाच गेला.