घोडबंदर की ऐरोली-घणसोली? सरकारी दवाखाना जवळ हवा असेल तर

घरात बाळ येणारे, म्हाताऱ्या आईला शुगर आहे, मग फ्लॅट ठाण्यात घोडबंदरला बघू की नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीला, असं कुणी विचारलं की लोक लगेच मोठमोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलांची नावं सांगतात. पण बाळाचे डोस दीड, अडीच, साडेतीन महिन्याला, मग नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, आईच्या गोळ्या दर महिन्याला, शिवाय गरोदरपणातली तपासणी, हे सगळं नागरी आरोग्य केंद्रात फुकट होतं, त्यामुळे आधी ते कुठंय ते बघा, बाकीचं नंतर.

नियम सोपा आहे. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ ला सुरू झालं, त्यात साधारण ५० हजार लोकांमागे एक केंद्र धरलंय. प्रश्न एवढाच की लोक मोजले कधी? २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेत १८.४ लाख लोक होते आणि नवी मुंबईत ११.२ लाख, २०२१ ची तर झालीच नाही. आणि घोडबंदरकडच्या कासारवडवली, ओवळा, कोलशेत इकडचे किती टॉवर २०११ नंतर उभे राहिले ते तिथं राहणाऱ्यांना विचारा. म्हणजे कागदावर केंद्र पुरेसं दिसतं आणि प्रत्यक्षात लसीकरणाच्या दिवशी बाळं कडेवर घेऊन आया रांगेत उभ्या, हे मला खरंच खटकतं, कारण टॅक्स नव्या टॉवरवालेही भरतात.

घोडबंदरची दुसरी अडचण रस्त्याची. नकाशात केंद्र एक किलोमीटरवर दिसेल पण ते हायवेच्या पलीकडे असलं तर सी-सेक्शन झालेल्या बाईला किंवा गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तो एक किलोमीटर पार करणं सोपं नाही. आणि केंद्रातून पुढे पाठवलं तर महापालिकेचं मोठं हॉस्पिटल कळव्याला, म्हणजे आधी माजिवड्याचं ट्रॅफिक आणि मग खाडी ओलांडायची. जुन्या ठाण्यात, नौपाडा-कोपरीकडे, हे हाल कमी आहेत, तिथलं सगळं आधीपासून वसलेलं आहे.

नवी मुंबई सिडकोने, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, १९७० पासून सेक्टर पाडून वसवली, महापालिका १९९२ ला आली. शाळा, मार्केट, दवाखाना यांची जागा सेक्टर आखतानाच धरलेली, त्यामुळे पायी जाता येण्याची शक्यता जास्त. वर ऐरोली, वाशी, नेरूळ इथं महापालिकेची हॉस्पिटलं आहेत आणि ती साधारण रेल्वेच्या पट्ट्यातच येतात, त्यामुळे घणसोलीवाल्याला पुढची पायरीही फार लांब नाही.

पण हे सेक्टरवाल्यांचं झालं. ठाणे-बेलापूर रोडच्या पलीकडे, एमआयडीसीच्या आणि डोंगराच्या बाजूला, दिघा, इलठणपाडा, तुर्भे स्टोअर्स इकडे वस्ती दाट, घरं छोटी, टीबीपासून कुपोषणापर्यंत गरज सगळ्यात जास्त, आणि ही वस्ती सिडकोच्या सेक्टरच्या आखणीत नव्हतीच. केंद्रं तिथंही आहेत पण त्यांच्यावरचा भार सेक्टरमधल्या केंद्रापेक्षा जास्त, स्वस्त भाडं बघून तिकडे जाणाऱ्यांनी हे धरून चाला.

खारघर बघत असाल तर एक लक्षात ठेवा, लोक नवी मुंबई म्हणतात पण ते २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे, जिल्हा पण रायगड, म्हणजे केंद्रं आणि हॉस्पिटलं वेगळ्या यंत्रणेची.

माझं मत विचाराल तर सरकारी केंद्रावर खरंच अवलंबून राहणार असाल तर ऐरोली-घणसोलीचे सेक्टर, ठाण्यातच राहायचं असेल तर नौपाडा-कोपरी, घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे नको. डॉक्टर प्रायव्हेटच करणार असाल तर हा फरक जवळजवळ उरत नाही, मग बजेट बघा. टोकन देण्याआधी मात्र तुमची बिल्डिंग नक्की कुठल्या केंद्राखाली येते ते विचारा आणि लसीकरणाच्या दिवशी सकाळी तिथे जाऊन या, रांग बघा, शुगरच्या गोळ्या नेहमी मिळतात का ते रांगेतल्या बायकांना विचारा, त्या नर्सपेक्षा स्पष्ट सांगतील.