शेकानंतरचा चिकटा आणि मळमळ: वाफ, नेब्युलायझर, सक्शन की गोळी?

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचे शेक (म्हणजे रेडिएशन) सहा-सात आठवडे घेऊन माणूस मिरजेहून नाहीतर कऱ्हाडहून घरी येतो आणि घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. पण चिकट लाळेचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू झालेला असतो आणि शेवटच्या शेकानंतरही आठवडा-दोन आठवडे वाढत जातो. नेमकं त्याच वेळी रोजचं हॉस्पिटल बंद झालेलं असतं. मी मिरजेत वॉर्डात सिस्टर होते. आता विश्रामबागेत घरी असते, तरी जत, आटपाडी, तासगावकडून ओळखी काढून फोन येतात. विचारायचं एकच असतं, काय आणू? मशीन आणू की सिरप, की ओकारीची गोळी वाढवून घेऊ?

माझं मत आधीच सांगते. ज्याला पहाटे उठल्या उठल्या तारा सुटणारा चिकटा घशात अडकून उमासे येतात आणि तो निघाला की बरं वाटतं, त्याच्या ओकारीच्या गोळ्या वाढवून फार काही साधत नाही. आधी चिकटा पातळ करा. गोळीचा विचार त्यानंतर.

हे असं का? निरोगी माणसाला दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. त्यातला पाण्यासारखा पातळ भाग बराचसा कानाजवळच्या ग्रंथींतून येतो आणि त्या ग्रंथी किरणांना सगळ्यात आधी बळी पडतात. चिकट भाग बनवणाऱ्या ग्रंथी त्यामानानं तग धरतात. म्हणजे घरचे ज्याला "कफ वाढलाय" म्हणतात, त्यात खरं तर लाळेतलं पाणी आटलेलं असतं. पुढची सगळी तुलना या एका गोष्टीवर उभी आहे.

मळमळ कशामुळे आहे, तेही ओळखायला हवं. सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधाची सलाईन लागल्याच्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत फोडणीच्या वासानंही ढवळत असेल, तर ते औषधाचं. पोट जड आणि तीन दिवस संडासला झालेलं नाही, तर दुखण्याच्या गोळ्यांनी धरलेला बद्धकोष्ठ. नाकातल्या नळीतून खाणं दिल्यावर लगेच उलटी झाली, तर बहुतेक वेळा ते फार भरभर दिलेलं असतं किंवा पेशंटला आडवं ठेवून दिलेलं असतं. जिभेवर दह्यासारखे पांढरे थर असतील, तर बुरशी. तिला वेगळं औषध लागतं, ते डॉक्टर देतील.

गुळण्या, वाफ आणि नेब्युलायझर

गुळणीशी स्पर्धा नाही, ती करायचीच. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खाण्याचा सोडा. दर दोन तासांनी, आणि खाण्याच्या आधी हमखास. गिळायची नाही. घसा सोललेला असताना खळखळ करायचीही गरज नाही, पाणी तोंडात धरून मान डावी-उजवीकडे कलवली तरी पुरतं. मीठ झोंबत असेल तर कमी करा किंवा नुसता सोडा घाला. पाणी रोज नवं करायचं. खाण्याचा सोडा म्हणून कुणी इनो नाहीतर बेकिंग पावडर घालतं, ते नको, दोन्हींत आंबट पदार्थ असतात. दुकानातले अल्कोहोलवाले रंगीत माउथवॉश तर या दिवसांत आगच लावतात. डॉक्टरांनी बेंझिडामिनची गुळणी दिली असेल तर ती दुखणं कमी करायला असते. तिनं चिकटा सुटत नाही म्हणून ती वाईट ठरत नाही.

खरा प्रश्न वाफ की नेब्युलायझर हा. वाफेला पैसे लागत नाहीत आणि आजी-आजोबांचा तिच्यावर विश्वास असतो. पण शेक घेतलेली मानेची कातडी भाजल्यासारखी नाजूक झालेली असते. त्यात अशक्त माणूस, पुढ्यात उकळतं पातेलं, डोक्यावर चादर. मला हे चित्र कधीच पटलं नाही. त्यात कुणी निलगिरी किंवा बाम टाकला की सोललेल्या घशाला झोंबून उमासे उलट वाढतात. वाफच हवी असेल तर बंब पेटल्यावर न्हाणीघरात गरम पाणी ओतून दार लावायचं आणि पेशंटला स्टुलावर नुसतं दहा मिनिटं बसवायचं, सोबत माणूस ठेवून.

नेब्युलायझरमध्ये ३ मिली नॉर्मल सलाईन घालून सात-दहा मिनिटं घेतलं, की गार बारीक तुषार आतपर्यंत ओल पोचवतात आणि भाजायची भीती नसते. सकाळी उठल्यावर, झोपताना आणि जेवणाच्या अर्धा तास आधी. नंतर खाकरून टाकायचं, गुळणी करायची, मग घास. या क्रमानंच पुष्कळांचे उमासे निम्म्यावर येतात, असा माझा वॉर्डातला अनुभव. मशीन साधारण दीड-दोन हजारांत मिळतं, म्हणजे आठवडाभर मिरजेला गाडी करून जाण्यापेक्षा स्वस्तच. ज्याला थुंकता येतं, त्याच्यासाठी पहिली खरेदी हीच करा.

त्यातही दोन जाती आहेत. कॉम्प्रेसरवालं मशीन आवाज करतं, पण दणकट असतं, दुरुस्त होतं. हातात मावणारं जाळीचं मशीन मुकाट चालतं, बॅटरीवर चालतं, म्हणून लाइटचा भरवसा नसलेल्या वाडी-वस्तीवर सोयीचं. मात्र त्याची जाळी पटकन तुंबते, त्यामुळं रोज धुण्याची शिस्त नसेल तर घेऊ नका. तोंडात धरायच्या नळीपेक्षा मास्क बरा, कारण जबडा उघडत नसतो. पण मास्क शेकाच्या जागेवर आवळून बांधायचा नाही, हातात धरा. सलाईनच्या छोट्या एकवेळच्या कुप्या घ्या. मोठी बाटली फोडून आठवडाभर वापरली तर जंतू थेट फुफ्फुसात जातात. घरचं मिठाचं पाणी तर त्यात घालायचंच नाही.

काही डॉक्टर सलाईनऐवजी अ‍ॅसिटिलसिस्टीन नेब्युलायझरनं देतात. चिकटा तोडायला ते जोरकस आहे, पण कुजक्या अंड्यासारखा वास येतो, आणि आधीच मळमळणाऱ्याला तो वास म्हणजे शिक्षा. दम्याच्या पेशंटला त्यानं छाती आवळू शकते. म्हणून साध्या सलाईननं भागत नसेल तरच, आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच.

सक्शन मशीन कुणी घ्यावं

लाळ आणि चिकटा ओढून काढणारं हे मशीन बहुतेकांनी घेऊ नये. घरात मशीन आलं की घाबरलेला मुलगा दर अर्ध्या तासानं नळी घशात घालतो, तिथं रक्त येतं, खरवडलेल्या जागी आणखी स्राव सुटतो आणि नळी पडजिभेला लागली की उलटी ठरलेली. ज्याला स्वतःची लाळही गिळता येत नाही आणि थुंकायचीही ताकद नाही, रात्री गुदमरण्याच्या भीतीनं जो बसून झोपतो, त्याला मात्र सक्शनसारखा आधार दुसरा नाही. अशा घरानं ते भाड्यानं घ्यावं. मिरजेत सर्जिकल सामानाच्या दुकानांत चौकशी केली तर मिळतं, आणि त्रास काही आठवड्यांचा असताना विकत घेण्यात अर्थ नाही. कडक, वाकडी टोकवाली नळी फक्त गालात आणि जिभेच्या कडेला फिरवायची, जिभेच्या मुळाच्या मागं नेऊ नका. बाटली रोज धुवा. गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली असेल तर प्रश्नच वेगळा, तिथं मशीन लागतंच आणि ते वापरायला डिस्चार्जच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरकडून हाताला हात लावून शिकून घ्यायचं.

पातळ करणारं औषध आणि सुकवणारं औषध

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मेडिकलमध्ये जाऊन "कफाचं सिरप द्या" म्हटलं की जी बाटली मिळते, तिच्यात पुष्कळदा एक औषध पातळ करणारं आणि दुसरं सुकवणारं असतं. बाटलीची मागची बाजू वाचा. अँब्रोक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन ही पातळ करणारी. क्लोरफेनिरामिन, सेटिरिझिन ही सर्दीची, म्हणजे सुकवणारी. पाणी आधीच आटलंय तिथं आणखी सुकवलं की तारेची दोरी होते. कोडीन किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकला दाबतं, आणि चिकटा वर आणायला तोच खोकला लागतो.

पातळ करणाऱ्या सिरपांकडूनही मोठी अपेक्षा नको. काहींना गुण येतो, काहींना नुसती आम्लता होते. पोटात पाणी गेलं नाही तर त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. हृदय आणि किडनी ठीक असेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर द्रव, मग तोंडानं असो की नळीनं. ग्लायकोपायरोलेटसारखं कडक सुकवणारं औषध डॉक्टर कधीकधी मुद्दाम देतात, लाळ पातळ असून सतत गळते किंवा श्वासनळीत उतरते तेव्हा. शेजारच्या खाटेवरच्याला दिलं म्हणून आपल्याला मागू नका.

ओकारीच्या गोळ्या

ऑनडान्सेट्रॉन सगळ्यांच्या घरी असतं. किमोच्या पहिल्या दिवशी ते चांगलं, दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या मळमळीवर त्याचा जोर कमी पडतो. आणि ते बद्धकोष्ठ करतं. सोबत दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन चालू असेल तर पोट दोन्हीकडून अडतं, मग त्या अडलेल्या पोटानं मळमळतं आणि घरचे आणखी एक ऑनडान्सेट्रॉन देतात. हे चक्र मी अनेकदा पाहिलंय. जिभेवर विरघळणारी गोळी कोरड्या तोंडात विरघळतच नाही, टाळूला चिकटून बसते. आधी घोटभर पाण्यानं तोंड ओलं करा.

मेटोक्लोप्रमाइड आणि डोम्पेरिडोन पोट पुढं ढकलतात. दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, नळीतलं खाणं वर येतं, अशांना जेवणाआधी अर्धा तास ती जास्त उपयोगी. मेटोक्लोप्रमाइडनं क्वचित मान-जबडा वाकडा होऊन आखडतो, तसं झालं तर ताबडतोब बंद आणि दवाखाना. मनानं आठवड्यामागून आठवडे चालवायचं औषध ते नव्हे.

रात्रीची ओलान्झापिन ही कमी डोसातली गोळी उशिराच्या मळमळीवर या तिघांपेक्षा सरस. पण नातेवाईक मोबाइलवर नाव शोधतात, मानसिक आजाराची गोळी असं वाचतात आणि परस्पर बंद करतात. करू नका. जादा झोप येते ही तक्रार खरी आहे, त्यावरही उत्तर आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २.५ मिलिग्रॅमचा डोस १० मिलिग्रॅमइतकाच उलटी रोखतो आणि गुंगी कमी येते, असं दिसलं. झोप फार येत असेल तर हेच डॉक्टरांना विचारा.

बद्धकोष्ठाला इसबगोल देऊ नका. घसा नीट चालत नसताना ते अडकतं आणि पाणी कमी पडलं तर आत घट्ट होतं. लॅक्ट्युलोज सिरप बरं. सोबत आपल्या तासगावचे मनुके रात्री भिजवून, कुस्करून, गाळलेलं पाणी द्या. गोड असतं, झोंबत नाही. साखरेचा पेशंट असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

दूध, ताक, आलं

आपला भाग दुधाचा, त्यामुळं "दूध प्यायला लावा" आणि "दूध बंद करा, कफ होतो" ही दोन्ही वाक्यं एकाच घरात ऐकू येतात. दुधानं कफ तयार होत नाही. साईचं दूध कोरड्या तोंडात थर धरून राहतं, म्हणून चिकटा वाढल्यासारखा वाटतो. वजन धरून ठेवायचं असताना दूध पूर्ण तोडणं परवडत नाही. साय काढा, नाचणीच्या पातळ पेजेत मिसळा, वर कोमट पाण्याचे दोन घोट द्या. ताक पातळ आणि ताजं असेल तरच, आंबट ताक झोंबतं. सांगलीत बसून हळदीविरुद्ध बोलणं धाडसाचं, पण दाट हळद-दूध या दिवसांत घशाला चिकटतं. तोंडाची साल बरी होईपर्यंत थांबा. साताऱ्याकडचे पाहुणे आलेपाक घेऊन येतात. आलं मळमळीवर चांगलं खरं, पण ते शाबूत तोंडाला. लिंबाची फोड चोखायला देणं त्याहून वाईट. आणि तोंड साफ वाटतं म्हणून पुन्हा मिश्री लावणाऱ्या बायका मी पाहिल्यात, तिथं मात्र सासू असो की आई, डबी काढूनच घ्या.

तोंडानं जातच नसेल तर नाकातल्या नळीला घाबरू नका. नळीनं घशात थोडा चिकटा वाढतो हे खरं, पण उपाशीपोटी गिळलेला चिकटा जास्त मळमळवतो. नळीनं देताना पाठ उंच, हळूहळू, आणि नंतर पाऊण तास आडवं करायचं नाही.

घरी थांबायचं की निघायचं

श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला, ताजं लाल रक्त पडलं, किमो चालू असताना किंवा नुकतीच झालेली असताना ताप १००.४ च्या वर गेला, तर सकाळची वाट पाहू नका. दिवसभर काहीच पोटात टिकलं नाही आणि लघवी गडद, थोडी झाली, तरी निघा. सिस्प्लॅटिन घेतलेल्या किडनीला कोरडं राहणं झेपत नाही, आणि एक-दोन सलाईननं जे काम होतं ते कुठल्याच गोळीनं होत नाही. पाणी पिताना दरवेळी ठसका लागत असेल तर तोंडानं देणं थांबवून आधी डॉक्टरांना फोन करा.

बहुतेकांचा चिकटा दीड-दोन महिन्यांत हलका होतो. कोरडेपणा पुढंही राहतो, तो निराळा. तीन महिने उलटूनही दाट चिकटा तसाच असेल, किंवा एकदा कमी होऊन एका बाजूचं दुखणं, कान ठणकणं आणि रक्ताची रेघ घेऊन परत आला असेल, तर नेब्युलायझरची वेळ वाढवत बसू नका. दुर्बिणीची तपासणी करून घ्या.