उज्ज्वला आणि अन्नपूर्णा : आधी पूर्ण पैसे, मग अनुदान

ठाण्यात वागळे इस्टेटच्या किसननगर भागात माझ्या आईच्या नावावर उज्ज्वला योजनेची गॅसजोडणी आहे. नंबर लावण्यापासून पासबुकातील नोंद तपासण्यापर्यंतची सगळी कामे माझ्याकडे असल्यामुळे, ही सेवा घरात प्रत्यक्ष कशी उतरते ते इथे मांडत आहे.

केंद्राची ही योजना मे 2016 मध्ये सुरू झाली. 14.2 किलोच्या सिलिंडरमागे 300 रुपयांचे अनुदान ऑक्टोबर 2023 पासून मिळू लागले. 2025-26 साठी मात्र वर्षाला बाराऐवजी नऊच सिलिंडरांवर ते देण्याचे ठरले. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेद्वारे वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचा निर्णय घेतला आणि त्यासाठी केंद्राच्या 300 रुपयांवर राज्याचे 530 रुपये धरले. जोडणी घरातील महिलेच्या नावावर असणे आवश्यक आहे आणि एका महिन्यात एकाहून अधिक मोफत सिलिंडर मिळत नाही.

रक्कम भरघोस आहे, याबद्दल वाद नाही. माझी तक्रार आहे ती पैसे मिळण्याच्या वेळेबद्दल. टाकी दारात आली की पूर्ण किंमत मोजावी लागते आणि अनुदान नंतर खात्यात येते. एप्रिल 2025 च्या दरवाढीनंतर मुंबईत सिलिंडर 852 रुपये 50 पैशांना झाला; चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे महिनाअखेरीस एवढी रक्कम एकरकमी नसते. त्यामुळे आमच्या चाळीत पगार होईपर्यंत नंबर न लावणारी घरे आहेत, आणि मोफतची टाकी हातउसने पैसे घेऊन सोडवणारीही आहेत. अनुदान थेट खात्यात देण्याची पद्धत जानेवारी 2015 पासून देशभर लागू झाली, ती स्वस्त घरगुती गॅस हॉटेलांकडे वळू नये म्हणून, आणि ते कारण योग्यच होते. परंतु आता आधार पडताळणी होते, घरपोच देताना मोबाइलवर आलेला संकेतांकही विचारला जातो. एवढी ओळख पटवल्यावर निदान उज्ज्वलाच्या ग्राहकांकडून दारात उरलेलीच रक्कम घ्यायला काय हरकत आहे, हे मला समजलेले नाही.

दुसरी अडचण खात्याची. अनुदान एजन्सीत दिलेल्या पासबुकाच्या खात्यात येईलच असे नाही. आधारशी सर्वांत शेवटी जोडलेले खाते ज्या बँकेत असेल, तिथे ते जाते. शेजारच्या काकूंचे पैसे बुडाले अशी चर्चा बरेच दिवस चालली होती. शेवटी ते त्यांच्या गावाकडच्या बँकेतील, त्यांनाही आठवत नसलेल्या खात्यात निघाले. म्हणून तक्रार करण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली दिसते ते पाहावे. आमच्या पासबुकात केंद्राची आणि राज्याची रक्कम अशा दोन स्वतंत्र नोंदी वेगवेगळ्या तारखांना आल्या, त्यामुळे एकच नोंद पाहून घाबरू नये.

केवायसीच्या वेळी आईचा अंगठा यंत्रावर उमटेना. वर्षानुवर्षे राखेने आणि साबणाने भांडी घासलेल्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात. खिडकीवरचा मुलगा “पुन्हा दाबा, पुन्हा दाबा” म्हणत राहिला आणि मागे रांग वाढत गेली. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय गॅस कंपन्यांच्या ॲपमध्ये आहे, ती घरी बसून वापरली आणि काम झाले. ही सोय खिडकीवर कोणी सांगत नाही.

घरपोच सेवा मध्यम दर्जाची आहे. आमच्याकडे येणारा माणूस वरच्या मजल्याचे म्हणून पावतीपेक्षा जास्त पैसे मागतो. वास्तविक पावतीवरील किमतीत पोहोचवण्याचा खर्च धरलेला असतो. पावती हातात मागितली की मागणी बहुधा थांबते. टाकी वजन करूनच घ्यावी : कड्यावर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते, त्यात 14.2 किलो मिळवले की येणारा आकडा काट्यावर दिसला पाहिजे.

परगावाहून आलेल्या, भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांसाठी ऑगस्ट 2021 मधील उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्याने मोठी सोय केली : पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्र चालते आणि पहिली टाकी व शेगडी विनामूल्य मिळते. अन्नपूर्णाची दारे मात्र तितकी उघडी नाहीत. 1 जुलै 2024 नंतर वेगळ्या केलेल्या शिधापत्रिका तिथे ग्राह्य धरल्या जात नाहीत, त्यामुळे लग्नानंतर वेगळी चूल मांडलेल्या जोडप्याने अर्जाला जाण्यापूर्वी शिधापत्रिकेवरची तारीख पाहून घ्यावी.